तापातल्या मुलाचे ताट

श्रोतेहो, नमस्कार. जुलै उजाडला की वसतिगृहे भरू लागतात आणि नेमका त्याच सुमारास आपल्याकडे फ्लूचाही हंगाम सुरू होतो. पावसाळ्यातली ही लाट सप्टेंबरपर्यंत टिकते आणि जानेवारी ते मार्च या महिन्यांत ती पुन्हा एकदा डोके वर काढते. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा शाळा-महाविद्यालये बंद ठेवावी लागली होती आणि तपासणीसाठी नायडू रुग्णालयात लागलेल्या रांगा अनेक पुणेकरांना आजही आठवत असतील. तोच विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूमध्ये मिसळून गेला आहे. मी एका वसतिगृहाचा रेक्टर म्हणून बरीच वर्षे काम करतो आहे आणि आज मला जे सांगायचे आहे, ते जेवणाच्या एका ताटाविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका रविवारी रात्री दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाला थंडी वाजून ताप भरला. सोमवारी त्याची अंतर्गत परीक्षा होती. सकाळी त्याने पॅरासिटामॉलची गोळी घेतली, तासाभरात घाम येऊन अंग गार पडले आणि आपण बरे झालो, असे समजून तो पेपरला जाऊन बसला. दुपारी गोळीचा अंमल संपला आणि ताप पुन्हा चढला. खोलीत पडून राहावे, तर जेवणाचे काय? आमच्या मेसच्या दारावर तेव्हा एक पाटी होती: ‘ताट खोलीवर नेण्यास सक्त मनाई आहे.’ खोल्यांत खरकटे राहते, मुंग्या आणि उंदीर होतात, म्हणून तो नियम मीच केला होता आणि त्या पाटीखाली सहीही माझीच होती. मग तो मुलगा अंगाभोवती चादर लपेटून खाली आला, वीस मिनिटे खोकत रांगेत उभा राहिला, आमटीचा डाव त्याने हाती घेतला, कूलरला साखळीने बांधलेल्या स्टीलच्या पेल्याला तोंड लावून पाणी प्याला आणि जिना चढून परत गेला. रात्रीच्या जेवणालाही तो तसाच आला.

पोळ्या वाढणाऱ्या मावशींच्या ते लक्षात आले. त्यांनी हाताची पालथी बाजू त्याच्या कपाळाला लावली आणि म्हणाल्या, “अरे बाळा, अंग नुसतं भाजतंय तुझं! तू वर जाऊन नीज. सरांचं मी बघते.” दुसऱ्या दिवसापासून पाटी न जुमानता मऊ भात, मेतकूट आणि वर तुपाची धार असे ताट पदराखाली झाकून त्या दोन्ही वेळा तिसऱ्या मजल्यावर नेऊ लागल्या. गुरुवारपर्यंत त्या मजल्यावरची अकरा मुले तापाने पडली होती. शुक्रवारी रात्री मावशींना धाप लागली. त्यांना जुना दमा होता आणि ही गोष्ट इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानेही त्यांना विचारलेली नव्हती. रिक्षातून रुग्णालयात नेईपर्यंत त्यांची नखे निळसर दिसू लागली होती. तपासणीत फ्लू निघाला आणि सहा दिवस त्यांना ऑक्सिजनवर ठेवावे लागले. मुले आठवडाभरात क्रिकेट खेळू लागली, मावशी मात्र महिन्याने कामावर आल्या. आल्या त्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहून त्या एवढेच म्हणाल्या, “सर, तेवढी पाटी काढा.” मी ती त्याच दुपारी काढली.

आता थोडे नीट सांगतो. फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणून तापाची गोळी न घेता ताप उतरलेला राहून २४ तास झाल्याशिवाय वर्गात जाऊ नये. पुन्हा सांगतो, गोळी न घेता २४ तास. गोळीने ताप दबतो, विषाणू दबत नाही. ऑसेल्टामिविर हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, शक्यतो पहिल्या ४८ तासांत सुरू झाले, तर त्याचा उपयोग सर्वाधिक होतो. प्रतिजैविकांचा फ्लूवर काहीही परिणाम होत नाही. याच दिवसांत डेंगीही फिरत असतो, म्हणून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये. धाप लागली, छातीत दुखू लागले, गुंगी आली, थुंकीतून रक्त पडले किंवा नखे निळी दिसली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दमा किंवा मधुमेह असणाऱ्यांनी दरवर्षी लस घ्यावी आणि ती हंगामापूर्वी घ्यावी, कारण तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. वसतिगृहाच्या बाबतीत मी यात मेसमधल्या प्रत्येक माणसाला धरतो.

प्राध्यापक मंडळींना माझी एक कळकळीची विनंती आहे. ७५ टक्के हजेरीसाठी दोन दिवसांच्या तापालाही वैद्यकीय प्रमाणपत्र मागण्याची पद्धत आपण सोडावी. त्या कागदासाठी तापातले मूल दवाखान्याच्या गर्दीत दोन तास बसते आणि कागद मिळणार नसेल, तर ते वर्गात येऊन बसते. मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवल्याने होणारे नुकसान याहून पुष्कळ कमी आहे.

आमच्याकडे आता कूलरला साखळीचा पेला नाही, प्रत्येकाचा स्वतःचा तांब्या किंवा बाटली आहे. मेसमध्ये सहा डबे वेगळे ठेवले आहेत आणि मावशींनी त्यांच्या झाकणांवर लाल नेलपॉलिशने आकडे घातले आहेत. आजारी मुलाच्या खोलीतल्या सोबत्याने मेसमध्ये नुसता खोलीचा क्रमांक सांगायचा, डबा वर नेऊन दाराबाहेर ठेवायचा आणि रिकामा झाला की आणून गरम पाण्याच्या घंगाळात टाकायचा. काल रात्री सहांपैकी दोन डबे वर गेले होते.