५.६.१, पण रियली ५.४.५

(काळं टर्मिनल. एकच ओळ लुकलुकतेय.)

ही ओळ जरा नीट वाचा. एक्सझेड-युटिल्स, व्हर्जन ५.६.१ प्लस रियली ५.४.५. टायपो नाहीये हा. मार्च २०२४ च्या शेवटी डेबियनवाल्यांनी, म्हणजे लिनक्सची एक फुकट आवृत्ती बनवणाऱ्यांनी, खरंच या नावानं पॅकेज सोडलं. म्हणजे डब्यावर लेबल ५.६.१ चं, आत माल ५.४.५ चा, आणि लपवाछपवी काही नाही, लेबलावरच लिहून टाकलंय की बाबांनो आत जुनंच आहे.

असं का करावं लागलं? कारण पॅकेज मॅनेजरला, म्हणजे मशीनवर सॉफ्टवेअर टाकणाऱ्या आणि अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅमला, एकच दिशा कळते, पुढची. आकडा वाढला की तो अपडेट करणार, आकडा कमी झाला की ढुंकूनही बघणार नाही. त्यामुळे लोकांच्या मशीनवर पोचलेलं नवं व्हर्जन मागे घ्यायचं असेल तर जुन्यालाच मोठा आकडा चिकटवून पाठवावं लागतं.

आणि मागे का घ्यायचं, तर त्या नव्यात चोरदरवाजा होता.

(लॉगिन होतानाचा कर्सर. बाजूला सेकंदकाटा.)

अँड्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा माणूस, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. त्याला डेटाबेसचा वेग मोजायचा होता म्हणून तो मशीन शांत करत बसला होता, आणि शांत होईना. एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरमध्ये लॉगिन करायचा प्रोग्रॅम, उगाच सीपीयू खातंय. मोजलं तर आधी ०.२९९ सेकंदात उरकणारं काम आता ०.८०७ सेकंद घेतंय. अर्धा सेकंद! आपण अर्ध्या सेकंदाकडे बघतो तरी का? आपल्याकडे वायफाय म्हणजे एवढं चालायचंच म्हणून आपण चहा टाकायला उठलो असतो. हा मात्र खणत गेला आणि २९ मार्चला त्यानं सगळं जाहीर केलं. फाईली दाबून लहान करणारं एक साधं टूल, एक्सझेड, त्याची लायब्ररी सिस्टमडी या मशीनवरच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या वाटेनं एसएसएचच्या पोटात शिरत होती, आणि ५.६.० आणि ५.६.१ या दोन व्हर्जनमध्ये कुणीतरी असा कोड घुसवला होता की ज्याच्याकडे योग्य किल्ली आहे तो सरळ सर्व्हरमध्ये घुसू शकेल. धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० मिळाले त्याला.

आता इथं मला थांबायचंय, कारण सगळे हेरगिरीची गोष्ट सांगतात आणि घाईची गोष्ट राहून जाते. हे घडलं कसं? २०२२ मध्ये एक्सझेड सांभाळणारा लासे कॉलिन एकटा, फुकट, हौस म्हणून काम करत होता. त्याच्या मागे काही अकाउंट्स लागली, त्यातलं एक नाव जिगर कुमार, जे खरं नाव असल्याचा काहीही पुरावा आजवर मिळालेला नाही. तक्रार काय तर रिलीज किती हळू येतात, पॅचेस, म्हणजे लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या, पडून आहेत, नवा मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, आणा. नवा मेंटेनर आला, जिया टॅन नावाचा, दोन वर्षं सभ्यपणे काम करत राहिला, आणि मग ते ५.६.० आलं. आल्यावर परत तेच, डेबियनमध्ये लवकर घ्या, डेबियनवरूनच बनलेल्या उबंटूमध्ये लवकर घ्या. नवीन व्हर्जन कधी देताय, या एका वाक्यावर सगळा डाव रचला होता. घाटात पाटी असते ना, अति घाई संकटात नेई, ती या लोकांनी उलटी करून वापरली.

(खेळण्यांचं कपाट. एक मोडकं खेळणं जवळून.)

डेबियनची नावं टॉय स्टोरीतल्या पात्रांवरून असतात. बुकवर्म, ट्रिक्सी वगैरे. आणि कायम चालू असलेली अनस्टेबल शाखा म्हणजे सिड, सिनेमातला खेळणी मोडणारा पोरगा. नाव ठेवणाऱ्याला सलाम. नवं पॅकेज आधी सिडमध्ये पडतं, काही दिवस मोठा बग निघाला नाही तर टेस्टिंगमध्ये सरकतं, आणि साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात, नवीन काही घेणं बंद, फक्त दुरुस्त्या, आणि मग त्याचं स्टेबल होतं. तोवर लोणच्यासारखं मुरू द्यायचं.

फ्रॉइंडच्या मशीनवर हेच सिड होतं. तेव्हाचं स्टेबल होतं बुकवर्म, त्यात एक्सझेड ५.४.१, त्यामुळे माझ्या सर्व्हरला काहीही झालं नाही. त्या दिवशी मी जरा कॉलर ताठ करून फिरलो, खोटं कशाला बोलू. मग रात्री लक्षात आलं की यात माझं कर्तृत्व शून्य आहे. पुढच्यास ठेच मागचा शहाणा, एवढंच. पुढे कुणी सिड चालवत होता म्हणून ठेच लागली तरी. सगळेच बुकवर्मवर बसले असते तर ते व्हर्जन निवांत मुरलं असतं आणि पुढच्या स्टेबलमध्ये तुमच्या आमच्या ताटात आलं असतं.

बरं, स्टेबल म्हणजे चांगलं असा पण एक गैरसमज आहे. स्टेबल म्हणजे न बदलणारं. भोक असेल तर तेही स्टेबल! २००६ मध्ये व्हॅलग्रिंड नावाच्या तपासणी टूलनं ओपनएसएसएल या किल्ल्या बनवणाऱ्या लायब्ररीबद्दल कुरकुर केली म्हणून डेबियनमध्येच कोडच्या दोन ओळी बंद केल्या गेल्या. त्यातली एक नेमकी किल्लीत यादृच्छिकपणा आणणारी. मग काय, एका ठरावीक प्रकारच्या मशीनवर, एका ठरावीक लांबीच्या किल्ल्या जास्तीत जास्त ३२,७६८ च बनू शकत होत्या, म्हणजे एखाद्यानं सगळ्या आधीच बनवून खिशात ठेवाव्यात. हे २००७ च्या स्टेबलमध्ये गेलं आणि मे २००८ मध्ये उघडकीला आलं, तोवर जगभर लोक त्या किल्ल्या मजेत वापरत होते. आणि गंमत बघा, २०२४ मध्ये फ्रॉइंडला संशय यायला जी कारणं झाली त्यातलं एक म्हणजे व्हॅलग्रिंडचीच कुरकुर. तेव्हा ऐकून फसले, यावेळी ऐकून वाचले.

(ऑडिट रिपोर्ट, लाल रकाने.)

आता माझं दुखणं. एका क्लायंटच्या ऑडिटरनं आमच्या सर्व्हरचा रिपोर्ट पाठवला, पानभर लाल. ओपनएसएसएल जुनं, अमुक जुनं, तमुक जुनं, ताबडतोब अपग्रेड करा. मी म्हटलं साहेब, आकड्याची शेपटी बघा, मागे डेब१२यू२ लिहिलंय ना, त्याचा अर्थ बुकवर्मसाठीची दुसरी दुरुस्ती, नव्यातला फक्त सिक्युरिटीचा तुकडा कापून जुन्यात शिवलाय, बाकी वीण तीच. साहेब म्हणाले, आमच्या स्कॅनरला शेपटी दिसत नाही. तीन आठवडे ईमेल चालले.

हे शिवणकाम कोण करतं? बहुतेक वेळा पॅकेजचा मेंटेनर किंवा सिक्युरिटी टीम, आणि मूळ लेखकाला ते आवडेलच असं नाही. एक्सस्क्रीनसेव्हर या स्क्रीनसेव्हर प्रोग्रॅमचा लेखक जेमी झाविन्स्की तर वैतागून गेला होता, कारण त्यानं केव्हाच दुरुस्त करून टाकलेल्या बगच्या तक्रारी स्टेबलवाले त्यालाच पाठवायचे. त्यानं कोडमध्येच घड्याळ लावून ठेवलं, व्हर्जन फार जुनं झालं की स्क्रीनवर इशारा. २०१६ मध्ये तो डेबियनवाल्यांना दिसायला लागला आणि भांडण पेटलं. मला विचाराल तर माणूस बरोबर होता, पद्धत आगाऊ होती.

(पुन्हा टर्मिनल.)

एक्सझेडच्या प्रकरणात उबंटूनं २४.०४ चं बीटा आठवडाभर पुढे ढकललं आणि त्या काळात बांधलेली सगळी पॅकेजेस परत बांधली. लासे कॉलिन परत आला, कोड तपासला, नवी रिलीज काढायला लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३, ट्रिक्सी, स्टेबल झालं. मी अपग्रेड करायच्या आधी दोन महिने थांबलो, सवयच आहे, आणि झाल्या झाल्या पहिली तीच ओळ तपासली.

एक्सझेड-युटिल्स, ५.८.१. मध्ये रियली नाही.