भीती आधी कानात शिरते

नमस्कार श्रोतेहो.

भयपटाबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे जरा उफराटाच प्रकार. दाखवायला माझ्याकडे काही नाही. पण माझं म्हणणंच असं आहे की भयपटाची पहिली पाच मिनिटं बघण्यापेक्षा ऐकायची जास्त असतात. भूत, खुनी, रक्त हे सगळं पुढे यायचंच आहे. सुरुवातीला दिग्दर्शकाला हवे असतात ते आपले कान.

स्टॅन्ली कुब्रिकचा १९८० सालचा 'द शायनिंग' घ्या. सुरुवातीला काय घडतं? काही नाही. तळं, डोंगरातला वळणावळणाचा रस्ता आणि निमूट चाललेली एक पिवळी मोटार. लख्ख दिवस. तरी पोटात खड्डा पडतो, कारण त्या सगळ्याखाली एक संथ, जड सूर चालू आहे. ती 'दिएस ईरे' या लॅटिन स्तोत्राची चाल. अंतिम न्यायाच्या दिवसाचं हे स्तोत्र शतकानुशतकं मृतांसाठीच्या प्रार्थनेत गायलं गेलं. वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांनी ते सिंथेसायझरवर आणलं. स्तोत्र माहीत नसलं तरी अडत नाही. काहीतरी संपत आलंय, एवढं कानाला कळतं.

त्यात कॅमेऱ्याची वागणूक बघा. मोटारीच्या मागून उडत येतो, तिला गाठतो, आणि मध्येच तिला सोडून भलतीकडे, कड्यापलीकडे निघून जातो. मग हे बघतंय तरी कोण? नावंसुद्धा खालून वर सरकतात, एरवी चित्रपट संपल्यावर सरकतात तशी.

आता गंमत ऐका. याच हवाई चित्रीकरणातले न वापरलेले तुकडे १९८२ च्या 'ब्लेड रनर'च्या शेवटाला जोडले गेले. तिथे ते सुटकेचे वाटतात, मोकळ्या हवेचे. म्हणजे भीती त्या डोंगरात नव्हतीच.

हिचकॉकच्या 'सायको'च्या सुरुवातीला नावं येतात त्या वेळी संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी फक्त तंतुवाद्यं वापरली. पडद्यावर नुसत्या रेघा सरकताहेत, आणि आपण खुर्चीच्या कडेला आलेलो असतो.

१९७४ च्या 'द टेक्सस चेन सॉ मॅसॅकर'ने तर पडदाच काळा केला. अंधारात उकरल्याचे आवाज. मग कॅमेऱ्याचा फ्लॅश चिरकतो, क्षणभर कुजलेल्या देहाचा एखादा भाग दिसतो, की पुन्हा अंधार. दोन फ्लॅशच्या मधलं सगळं आपण रचत बसतो, आणि आपल्याइतकं वाईट दुसरं कोण रचणार? वर रेडिओवरच्या बातम्या चालू होतात, उकरलेल्या कबरींच्या. निवेदकाचा आवाज अगदी कोरडा. आमच्या धंद्याचा असा वापर पाहून मी तरी चपापलो होतो.

नुसतं धाडकन वाजवून दचकवणं मला कधी मानवलं नाही. मागून येऊन 'भॉक' कुणीही करतं. दचकलेला माणूस दुसऱ्या क्षणी हसतो, आणि हसला की सुटला. चांगली सुरुवात त्याला सुटू देत नाही. थोडंसं सांगते आणि नेमकं हवं ते हातचं राखून ठेवते.

जॉन कार्पेंटरचा १९७८ चा 'हॅलोवीन' आठवा. जवळजवळ चार मिनिटं आपण कुणाच्या तरी डोळ्यांतून बघतो. घराभोवती फिरतो, खिडकीतून डोकावतो, स्वयंपाकघरातली सुरी उचलतो. वर जाताना मुखवटा चढतो आणि पडद्यावर डोळ्यांची दोन भोकं तेवढी उरतात. आता आतला श्वास ऐकू यायला लागतो, आणि तो आपल्याच कानाशी चालल्यासारखा वाटतो. खून होतो. आपण जिना उतरून बाहेर येतो. समोर एक मोटार थांबते, आईवडील उतरतात, बाप मुखवटा ओढून काढतो.

आत सहा वर्षांचा मुलगा आहे. हातात सुरी तशीच. तो काही बोलत नाही. आईवडील जागच्या जागी उभे. कॅमेरा हळूहळू मागे, वर जात राहतो.