तिथी बघून निघा: हरिहरेश्वर ते गणपतीपुळे, खाड्या ओलांडत

(ताम्हिणीची वळणं, गाडीच्या काचेतून)

कोकणात जायचं म्हटलं की आपण आधी काय करतो, हॉटेल बघतो, सुट्टी बघतो, मग मॅप उघडून किती तास लागतील ते बघतो. तिथी कोणी बघत नाही. आणि या किनाऱ्यावर सगळ्यात आधी बघायची गोष्ट तीच आहे, कारण इथला अर्धा रस्ता पाण्यावरून जातो आणि ते पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं.

आजचा आपला रस्ता आहे हरिहरेश्वर ते गणपतीपुळे. फेरीबोटी धरून सगळं मिळून दोनशेच्या आतबाहेर किलोमीटर. मुंबई-गोवा हायवेने हेच अंतर अर्ध्या दिवसात उरकता येतं, पण हायवेवरून समुद्र दिसत नाही. आम्ही म्हणतो याला तीन रात्री द्या, निदान तीन.

आधी हिशोब सांगतो, तो एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता भरती. म्हणजे अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. द्वितीया असेल तर दीड. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, प्रत्यक्षात बारापर्यंत धरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतं, पण बेत आखायला एवढं पुरतं. किनाऱ्यावरची जुनी माणसं बोटांवर मोजून सांगतात, त्यांना अॅप लागत नाही. अजून एक लक्षात ठेवायचं, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी.

आता समजा आपण पौर्णिमेला निघालो. पुण्यातून सकाळी लवकर, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, मग म्हसळा करत श्रीवर्धन. हे बाळाजी विश्वनाथांचं गाव, पहिले पेशवे भट घराण्यातले ते इथलेच. श्रीवर्धनात पेट्रोल भरून घ्या, टाकी अर्धी असली तरी भरा, पुढे पंप लांब लांब आहेत आणि फोनला रेंज पण कुठे आहे कुठे नाही.

(हरिहरेश्वर, खडकावर आपटणाऱ्या लाटा)

दुपारी बाराच्या सुमाराला हरिहरेश्वर. आणि इथेच तिथी कामाला येते. देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालायची वाट आहे, पायऱ्या उतरून खाली गेलं की थेट समुद्राच्या काठचा खडक, लाटांनी कोरून काढलेला, भोकाभोकाचा, बघत राहावं असा. पण ही वाट फक्त ओहोटीची. भरतीला इथे लाट कड्यावर येते, खडक शेवाळलेला असतो, आणि इथून माणसं वाहून गेलेली आहेत. पौर्णिमेला बाराला भरती म्हणजे तुम्ही पोचलात तेव्हा पाणी वरपर्यंत आलेलं असणार. अजिबात घाई करायची नाही. जेवा, झोपा. साडेचार-पाचला पाणी आत जायला लागलेलं असतं, तेव्हा निघा, सहाच्या आसपास पूर्ण ओहोटी, हातात भरपूर वेळ. तरी देवळाजवळच्या माणसाला एकदा विचारा, आणि तो नको म्हणाला तर नको.

हाच नियम गाडीला. पुळणीवर गाडी घालू नका. ओहोटीला वाळू रस्त्यासारखी कडक दिसते, चाक रुतलं की निघत नाही, आणि तेवढ्यात भरती सुरू होते. दर सीझनला कोणाची ना कोणाची गाडी समुद्रात जाते, मग गावातली पोरं दोर घेऊन धावतात, ट्रॅक्टर शोधतात. गाडीचं तर जाऊ दे, त्याच वाळूत कासवांची घरटी असतात, त्याबद्दल पुढे सांगतोच.

दुसऱ्या दिवशी पहिली खाडी. बागमांडल्याला सावित्री नदी समुद्राला मिळते, अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे वेसवी, रत्नागिरी जिल्हा. बोटीने दहा-पंधरा मिनिटांचं काम. बोट नसती तर आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून वर जाऊन फिरून यायचं.

(जेट्टी, बोटीचा लोखंडी फळा खाली येतोय)

बोटीत गाडी घालणं ज्यांनी पहिल्यांदा केलंय त्यांना विचारा. बऱ्याच बोटींना फळा एकाच बाजूला असतो, म्हणजे चढताना नाहीतर उतरताना, एकदा तरी गाडी रिव्हर्स घ्यावी लागते. बोटीवरचा माणूस समोर उभा राहून हाताने खुणा करतो, डावीकडे, अजून, अजून, बस्स. त्याच्याकडे बघायचं, आरशात नाही बघत बसायचं, तो हे काम दिवसभर करतो. हॅण्डब्रेक ओढायचा, गिअरमध्ये टाकायची, इंजिन बंद. मोटरसायकली फटीफटीत बसतात, एखादा टेम्पो, शाळेची पोरं, टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणी. ओहोटीला बोट खाली बसते आणि फळ्याचा उतार तिरपा होतो, गाडीचं पोट खाली असेल तर घासतं, म्हणून बुटक्या गाडीवाल्यांनी भरलेल्या पाण्याची वेळ धरावी. प्रतिपदेला भरती पाऊण वाजता म्हणजे सकाळी दहा नंतरची बोट उत्तम.

पलीकडे उतरलात की बाणकोट. वर छोटासा किल्ला, हिम्मतगड, खाडीच्या तोंडावर. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला, त्याच गडबडीत बाणकोट इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी नाव ठेवलं फोर्ट व्हिक्टोरिया. वर उभं राहिलं की कळतं त्यांना तो का हवा होता, सावित्रीत शिरणारी प्रत्येक होडी इथून दिसते.

मग वेळास. नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण आता ओळख कासवांची. ऑलिव्ह रिडले, समुद्री कासव. मादी रात्री पुळणीवर चढते, खड्डा करते, शंभराच्या घरात अंडी घालते, वाळू ओढून समुद्रात परत जाते, पिल्लांकडे बघायला थांबत नाही. पूर्वी ती अंडी माणसं उचलायची, नाहीतर कोल्हेकुत्रे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे काम सुरू केलं, गावातल्याच लोकांना घेऊन. घरटं सापडलं की अंडी अलगद काढून जाळीच्या कुंपणात तशाच खोल खड्ड्यात पुरायची, साधारण पन्नास-पंचावन्न दिवस थांबायचं. मग एका सकाळी खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलली की खाली वाळू हलताना दिसते, आधी एक काळं नाक, मग एक वल्ह्यासारखा पाय, मग दहा-बारा पिल्लं एकावर एक चढत वर. पाण्यापासून थोडं अलीकडे त्यांना सोडतात आणि ती आपली आपण चालत जातात, कोणी हात लावायचा नाही, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, फ्लॅश नाही. हे बघायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च आणि एक रात्र जास्त, कारण पिल्लं सकाळी आणि संध्याकाळीच सोडतात. आणि पिल्लं निघतीलच याची गॅरंटी कोणी देत नाही, नाही दिसली तर गावकऱ्यांवर चिडू नका.

वेळासला थांबलात तर राहायचं गावातल्याच घरात. या सगळ्या पट्ट्यात राहण्याजेवणाचा एक नियम आहे, आधी फोन. काकू विचारतात, किती जण, व्हेज की मासे, मोदक हवेत का. उकडीचे मोदक ऐनवेळी होत नाहीत, नारळ खवायला हवा, पिठी उकडायला हवी. सकाळी सांगितलंत तर दुपारी पानात घरचं सगळं येतं, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, आमसुलाची कढी. न सांगता दोन वाजता दारात उभे राहिलात तर त्यांची पंचाईत होते, त्या नाही म्हणत नाहीत आणि मग स्वतः उपाशी राहून तुम्हाला वाढतात. हे होऊ देऊ नका.

वेळासहून केळशी, आडे, आंजर्ले. रस्ता अरुंद आहे, चिऱ्याचे गडगे दोन्ही बाजूंनी, वळणावर एसटी आली की कोणीतरी मागे घ्यावंच लागतं. तुम्ही घ्या. एसटीत माणसं आहेत. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, तिथून समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो.

(हर्णे बंदर, संध्याकाळ)

आणि संध्याकाळी चार-पाचला हर्णे. बोटी किनाऱ्याला लागू शकत नाहीत, पाणी उथळ, म्हणून बैलगाड्या पाण्यात जातात. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे, बोटीतून टोपल्या गाडीत, गाडी परत पुळणीवर, टोपली वाळूत उलटी केली की सुरमई, पापलेट, म्हाकूल, कोळंबीचे ढीग, आणि ढिगाभोवती लगेच कडं. लिलाव पुकारणारा एका दमात आकडे चढवत जातो आणि नवख्या माणसाला कधी सौदा झाला ते कळतच नाही. मधे उभं राहू नका, बाजूला उभं राहा, हे त्यांचं रोजचं पोट आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हर्णेला हे काही दिसणार नाही.

रात्र शेजारच्या मुरुडला. दापोलीचं मुरुड, जंजिऱ्याचं नाही, मॅपमध्ये नीट बघून टाका नाहीतर खाडीपलीकडे भलतीकडे जाल. हे महर्षी कर्व्यांचं गाव. मुलगा असताना परीक्षा द्यायला ते इथून चालत साताऱ्याला गेले होते, सगळा सह्याद्री चढून, आणि तिथे त्यांना वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. आपण एसीत बसून घाट चढतो तेव्हा आम्हाला दर वेळी ते आठवतात.

तिसरा दिवस, द्वितीया. आठला निघा. लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळ. दाभोळ एकेकाळी मोठं बंदर, हज यात्रेची गलबतं इथून सुटायची, धक्क्याजवळ आदिलशाही काळातली मशीद आहे, दगडी, घुमटाची, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. बोटीची वाट बघता बघता बघून होते, आणि बघायलाच हवी. वाशिष्ठी ओलांडून धोपावे. ही बोट नसती तर दापोली, खेड, चिपळूण करून गुहागर, शंभराच्या वर किलोमीटर.

गुहागरात व्याडेश्वर, लांबलचक किनारा, सुरूची झाडं. पण रेंगाळू नका, आज एक वेळ गाठायची आहे. द्वितीया, दुणे पाऊण, दीड वाजता भरती, आणि पौर्णिमेनंतरचे हे दोन दिवस उधाण जोरात असतं. दीडच्या आत हेदवीला पोचा. देवळापासून पुढे किनाऱ्यावर खडकात एक चिंचोळी भेग आहे, बामणघळ. भरतीची लाट त्या भेगेत शिरते, आत जागा नाही, मागून दुसरी लाट ढकलते, आणि पाणी सरळ वर उडतं, खालून दणका येतो तो पायात जाणवतो. ओहोटीला आलात तर नुसता कोरडा खडक, लोक दोन फोटो काढून एवढंच होय म्हणत परत जातात. हरिहरेश्वराला ओहोटी हवी, इथे भरती हवी. लांबूनच बघा मात्र, कडेला जाऊ नका.

शेवटची खाडी तवसाळ-जयगड, शास्त्री नदीची. उतरलं की जयगडचा किल्ला, मग मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव, त्यांचं स्मारक आहे तिथे, अर्धा तास ठेवा. मग गणपतीपुळे, तिथे गर्दी असते, चालायचंच.

या सगळ्या खाड्यांवर आता पूल होणार आहेत. रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग, बॅरिस्टर अंतुल्यांनी १९८० च्या सुमाराला मांडलेली कल्पना, ते स्वतः सावित्रीकाठच्या आंबेतचे. बाणकोटच्या खाडीत पुलाचं काम किती वर्षं रखडलं ते इथल्या लोकांना विचारा. आमचं मत स्पष्ट आहे, पूल व्हायलाच हवेत. रात्री अकराला एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या आणि शेवटची बोट गेलेली असेल तर काय करायचं, हा प्रश्न आपल्या ट्रिपपेक्षा मोठा आहे. पण बोटी चालू आहेत तोवर एकदा बोटीने जा, आणि पूल झाले तरी एखादी बोट चालू राहावी असं आम्हाला फार वाटतं, बोटीवरच्या त्या माणसांसाठी पण.

परतीला गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, मग हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट चढून मलकापूर, कोकरूड, कराड आणि हायवे. अंधार पडायच्या आत घाट चढून व्हा. आणि निघायच्या आदल्या दिवशी बोटीवाल्यांना फोन करून वेळा विचारून घ्या, समुद्र खवळला की बोट बंद ठेवतात.