सकाळी कातळ, संध्याकाळी शहर: कोबेचा एक दिवस

नमस्कार श्रोतेहो.

जपानच्या सहलीचा आपल्याकडचा कार्यक्रम आता तोंडपाठ झालाय. टोकियो, मग बसने फुजीच्या पाचव्या टप्प्यापर्यंत, तिथे फोटो, मग बुलेट ट्रेन, क्योटो, ओसाका आणि परतीचं विमान. डोंगर असतो तो बसच्या काचेपलीकडे. ट्रेकिंगची आवड असलेली मंडळी याच्या दुसऱ्या टोकाला जातात. ती जपानी आल्प्ससाठी चार दिवस वेगळे काढतात आणि तेवढे दिवस शहर बंद. मला वाटतं, ही वाटणीच करायला नको. जपानमध्ये डोंगर आणि शहर एकाच दिवसात बसतात, आणि बसवले की दोन्हींची गोडी वाढते. रविवारी पहाटे पाठीवर सॅक टाकून कर्जत लोकल पकडणाऱ्यांना हे पटवून द्यायला नको.

आधी फुजीचं सांगून टाकतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. उंची ३,७७६ मीटर. चढाईचा हंगाम जुलै ते सप्टेंबरच्या पहिल्या काही दिवसांपर्यंत. २०२५ पासून सगळ्या वाटांवर माणशी ४,००० येन शुल्क आहे, आणि वरच्या झोपडीत मुक्कामाचं आरक्षण नसेल तर दुपारी दोननंतर वर सोडत नाहीत. पाचव्या टप्प्याच्या वर बहुतेक राख आणि खडी. ज्याला जायचंय त्याने जरूर जावं. पण हौस फक्त डोंगर चालण्याची असेल, तर फुजी लांबूनच जास्त देखणा दिसतो. टोकियोत मुक्काम असेल तर ताकाओ आहे, ५९९ मीटरचा. शिंजुकूहून केइओ रेल्वेने तासाभरात पायथा येतो. छान आहे, पण सुट्टीच्या दिवशी जत्रा.

माझं मत मात्र कोबेला. ओसाकाहून अर्ध्या तासावरचं हे बंदर लोक गोमांसाच्या नावाने ओळखतात आणि बहुतेक सहली ते वगळतात. कोबे म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. तिथले लोक पत्ता सांगतानाही 'डोंगराच्या बाजूला', 'समुद्राच्या बाजूला' असं सांगतात. पाठीशी रोक्को डोंगररांग, सर्वोच्च माथा ९३१ मीटर. जमिनीतल्या भ्रंशांनी ही रांग वर उचलली, म्हणून ती शहराच्या इतकी अंगाशी आहे. त्याच भ्रंशांनी १७ जानेवारी १९९५च्या पहाटे हे शहर पाडलं. ६,४००हून अधिक माणसं गेली. वाटेवर जागोजागी ओढ्यांत काँक्रीटचे बांध लागतील. ते डोंगरावरून येणारा दगडमातीचा लोंढा अडवण्यासाठी आहेत. १९३८च्या पुरात डोंगर अक्षरशः शहरात उतरला होता. एकोणिसाव्या शतकाअखेर ही रांग जवळजवळ बोडकी होती. आज दिसतं ते रान १९०२ पासून लावत आणलेलं आहे.

आता प्रत्यक्ष चालू या. ओसाकाच्या उमेदा स्टेशनवरून हानक्यू रेल्वेची जलद गाडी, शुकुगावाला उतरून साधी गाडी, पुढचंच स्टेशन आशियागावा. मोठ्या बंगल्यांच्या गल्ल्यांतून चढत गेलं की कोझा नावाचा छोटा धबधबा आणि जुनी चहाची दुकानं. इथून रॉक गार्डन नावाचा कड्यांचा भाग सुरू होतो. जपानमधलं कातळारोहण इथे रुजलं. गिर्यारोहक फुजिकी कुझो आणि त्याच्या सोबत्यांनी १९२४ मध्ये आपला क्लब काढला तो याच कड्यांच्या जोरावर. त्याचं शिल्प धबधब्याशेजारच्या कातळात बसवलेलं आहे.

आपली वाट मात्र दोराची नाही, हात टेकत चढण्याची आहे. दगड ग्रॅनाइट. सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टवर तयार झालेल्या पायांना इथे थोडं नव्याने शिकावं लागतं. कातळावर बूट चांगला धरतो, पण ग्रॅनाइट झिजून त्याची जाडसर वाळू झालेली असते आणि तिचा पातळ थर कातळावर पसरलेला असतो. चढताना तो जाणवत नाही, उतरताना पाय सुर्रकन जातो. तासाभरात काझाफुकी-इवा, म्हणजे वाऱ्यात उभा असलेला एक सुळकेवजा खडक. मागे वळून पाहिलं की खाली घरं, रेल्वे, बंदर, ओसाकाचा उपसागर. इथे डबा उघडताना जरा आजूबाजूला बघा. रोक्कोची रानडुकरं प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात. त्यांना खाऊ घालायला कोबेत बंदी आहे, ती उगाच नाही.

माथ्यावर फार काही नाही, खरं सांगायचं तर. जवळून मोटारीचा रस्ता जातो, थोडा हिरमोड होतो. मजा पलीकडच्या उतारावर. तोतोया-मिची ही जुनी वाट खाली आरिमा ओन्सेनला उतरते. समुद्रकाठचे मासेवाले ताजी मासळी घेऊन डोंगर ओलांडून आरिमाला जायचे, तीच ही वाट. आशियागावापासून आरिमापर्यंत सगळं मिळून पाच-सहा तास धरा.

आरिमा हे जपानमधल्या सर्वांत जुन्या गरम पाण्याच्या गावांपैकी एक. सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी इथे वारंवार यायचा. इथलं 'सोनेरी' पाणी जमिनीतून वर येतं तेव्हा स्वच्छ असतं. हवा लागली की त्यातलं लोह गंजतं आणि पाणी विटकरी होतं, इतकं की गळ्यापर्यंत बसल्यावर स्वतःचे गुडघे दिसत नाहीत. चवीला खारट. 'किन-नो-यु' या सार्वजनिक स्नानगृहात हे पाणी आहे. आपल्या मंडळींना अवघड जातं ते एकच: कपडे न घालता, चारचौघांत. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मगच हौदात. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. सहा तास चाललेल्या मांड्या त्या पाण्यात उतरल्या की संकोच पाचेक मिनिटांत विरतो.

परत कोबेला येताना गंमत होते. आरिमाहून छोट्या गाडीने तानिगामी, तिथून शिन-कोबेची गाडी. मधे एकही स्टेशन नाही; सात किलोमीटरहून लांब बोगद्यातून ती सरळ रोक्कोच्या पोटातून जाते. दिवसभर ओलांडलेला डोंगर दहा मिनिटांच्या आत मागे पडतो, आणि पुढचं स्टेशन सान्नोमिया, झगमगाटात.

संध्याकाळ शहराची. १८६८ साली हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं, त्यामुळे कितानो भागात जुने युरोपीय बंगले, १९३५ची जपानमधली पहिली मशीद, आणि भारतीय मोती व्यापाऱ्यांच्या वस्तीमुळे १९८५चं संगमरवरी जैन मंदिरही आहे. शाकाहारी मंडळींनी हा भाग लक्षात ठेवावा, भारतीय जेवण इथे सहज मिळतं. इतरत्र 'भाजीचं' म्हणून आलेल्या वाडग्यातही माशाचा अर्क असतो. डोंगरावर नेण्यासाठी दुकानातून उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची ओनिगिरी (भाताचा गोळा) घ्यावी, पाकिटामागचा मजकूर फोनवर वाचून. सोबत घरचा सुका खाऊ असला म्हणजे निर्धास्त.

ज्यांना पाच-सहा तास नको वाटतात, त्यांनी शिन-कोबे स्टेशनात उतरावं. बुलेट ट्रेनच्या फलाटामागेच डोंगर सुरू होतो आणि पंधरा-वीस मिनिटांत ४३ मीटर उंचीचा नुनोबिकी धबधबा. त्याच्या वर १९०० साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं दगडी तोंडाचं धरण. सकाळी लवकर गेलात तर हलक्या पावलांचे म्हातारे भेटतील. कोबेत रोज डोंगर चढण्याची रीत आहे. बंदरात राहणाऱ्या परदेशी लोकांनी ती सुरू केली आणि गावाने उचलली. वरच्या ठिकाणी वहीत नोंद करायची, खाली उतरायचं, कामाला लागायचं. याच शहरातल्या जहाजबांधणी कारखान्यात नोकरी करणारा कातो बुन्तारो रोक्कोवर एकट्याने चालत चालत जपानचा नामवंत गिर्यारोहक झाला. १९३६च्या जानेवारीत, जपानी आल्प्समधल्या यारी शिखराच्या उत्तर धारेवर, तिशी-एकतिशीत गेला.

काही व्यवहाराच्या गोष्टी. मोठी बॅग डोंगरावर नेऊ नका, ओसाकाच्या हॉटेलातून पुढच्या गावच्या हॉटेलात कुरिअरने पाठवा. 'ताक्क्युबिन' म्हटलं की स्वागतकक्षावर फॉर्म मिळतो, सामान बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतं. कचऱ्याचे डबे शोधू नका, आपला कचरा आपल्या सॅकमध्ये. जून-जुलैचा पाऊस आणि ऑगस्टचा दमट उकाडा टाळा. एप्रिल किंवा नोव्हेंबर उत्तम. फक्त नोव्हेंबरात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, तेव्हा साडेआठच्या आत पायथा गाठा आणि विजेरी ठेवा.

आणि एक संध्याकाळ माया डोंगरासाठी राखा, ७०२ मीटरचा, रोक्कोच्याच रांगेतला. नाव बुद्धाची आई मायादेवी हिचं. वरच्या तेन्जो-जी मंदिरात तिचीच पूजा होते. जुनं मंदिर १९७६ साली जळालं, नंतर ते वरच्या बाजूला नव्याने बांधलं. किकुसेइदाई या सज्जावरून कोबेपासून ओसाकापर्यंतचे दिवे दिसतात. चालत वर गेलात तरी अंधारात रोपवे आणि पुढे केबल कारने उतरा. ती रात्री उशिरापर्यंत ठरावीक दिवशीच चालते, मंगळवारी बंद असते आणि वारा सुटला की रोपवे थांबतो, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक नक्की बघा.

नमस्कार.