चौगले की चौगुले

श्रोतेहो, नमस्कार. जुलमी राजवटीवर कथा लिहायला बसलं की आधी दोघंच सुचतात. छळणारा अधिकारी आणि न डगमगणारा कैदी. दोघांनाही जरा बाजूला बसवा.

बर्लिनमधलं ओटो आणि एलिझे हाम्पेल हे साधं कामगार जोडपं. १९४० मध्ये लढाईत एलिझेचा भाऊ गेला, आणि दोघं हिटलरविरुद्ध हातानं कार्डं लिहून इमारतींच्या जिन्यांत ठेवू लागली. २०० हून जास्त कार्डं. १९४३ च्या एप्रिलात दोघांना देहदंड झाला. पण कथाकारानं थांबावं ते भलत्याच ठिकाणी. ज्यांना कार्डं सापडली, त्यांतल्या बहुतेकांनी ती पोलिसांकडे नेऊन दिली. कार्ड उचलून, इकडंतिकडं बघून खिशात घालणारा तो माणूस आपल्याला हवाय.

त्याला बेळगावात आणू, सरकारी कचेरीतला टायपिंग करणारा कारकून म्हणून. काळ आणीबाणीचा, २५ जून १९७५ ची रात्र ते २१ मार्च १९७७. तारखा समोर लिहूनच ठेवा. कुठल्या दिवशी त्याला काय ठाऊक होतं, यावर सगळं अवलंबून आहे, आणि नवखे लेखक नेमके इथंच घसरतात. सत्त्याहत्तरचं शहाणपण पंचाहत्तरातच त्याच्या तोंडी घालतात. मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवायच्या कायद्याखाली, धरलेल्याला कारण कळवायचं बंधन सरकारनं तेव्हा काढून टाकलं होतं. म्हणजे आपल्या कारकुनालाही कारण टाइप करावं लागत नाही. नुसती नावं.

धरायच्या माणसांची ही यादी इंग्रजीत. वर मूळ प्रत, खाली तीन कार्बन. कच्च्या कागदावर 'चौगले' होतं, त्यानं तेच टाइप केलं. मग लक्षात आलं, हा तर खानापूरकडचा चौगुले. दोन्ही आडनावं आपल्याकडं आहेत. 'ए'च्या जागी 'यू', एवढाच फरक. साहेबाला तो कळणारही नाही.

आता घाई करू नका. चारही प्रतींवरचं अक्षर वेगवेगळं खोडावं लागतं. खोडताना कार्बन आणि खालची प्रत यांच्यामध्ये कागदाची चिठ्ठी सरकवायची, नाहीतर रबराच्या दाबानं खालच्या प्रतीवर कार्बनचा डाग पडतो. मग चिठ्ठ्या काढायच्या, कागद जागेवर आणायचा आणि 'यू' ठोकायचा. चार-पाच मिनिटं सहज जातात. सही एका झटक्यात होते, हे तसं होत नाही. प्रत्येक प्रतीला तो थांबू शकतो.

त्याच्यामागं साहेबाला ओरडत उभा करू नका. पिस्तूल तर नकोच. सक्ती आली की त्याच्या हातात काही उरत नाही, आणि वाचकही सुटतो. त्यापेक्षा त्याला सबब द्या, आणि ती अर्धी तरी खरी असू द्या: 'नाव चुकलं तर भलताच चौगले आत जाईल.' शिवाय त्याला नीट काम करायची खोडच आहे. घरच्या वाणसामानाच्या यादीतली वेलांटीसुद्धा तो सुधारतो.

एक चिठ्ठी काढायची राहिली, म्हणून शेवटच्या प्रतीवर अक्षराची जागा कोरी. ती प्रत फायलीत राहते. तिचं पुढं काय करायचं ते तुम्ही बघा. मी पश्चात्तापाचं भाषण मात्र लिहिणार नाही.

दोन महिन्यांनी चौगुल्यांची बायको अर्ज घेऊन त्याच्या टेबलापाशी येते. नवरा हिंडलग्याच्या तुरुंगात आहे, भेट हवीय. अर्ज कुणा पोराकडून लिहून घेतलेला. आडनाव लिहिलंय, चौगले.

"वहिनी, बसा," असं म्हणून तो पेन काढतो आणि उकार देतो.