दावा आभाळातला, हानी वावरातली

[दृश्य: चिमूर तालुक्यातील एक शिवार. तुरीच्या वावरात मचाण. पहाटेचे धुके.]

तूर शेंगांवर आली की आमच्या गावात जागल सुरू होते. रानडुकरांचा एक कळप रात्रीतून अर्धे वावर आडवे करतो, म्हणून घरटी एक माणूस मचाणावर बसतो, अधूनमधून डबा वाजवतो आणि उजाडले की घरी परततो. मी शाळेतून निवृत्त झालो त्या वर्षापासून जागलीला जाताना सोबत एक जाड वही नेतो. बॅटरीच्या उजेडात वाचता यावे म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलेल्या त्या वहीत १९६५ आणि १९७१ या दोन युद्धांतील हवाई झुंजींच्या नोंदी आहेत. एका पानावर एक झुंज. डाव्या बाजूला वैमानिकाने काय पाडल्याचे सांगितले ते, उजव्या बाजूला समोरच्या हवाई दलाचे त्या दिवशी खरोखर काय गेले ते, आणि दोन्हींच्या मध्ये बरीचशी कोरी जागा. या चित्रफितीचा विषय ती कोरी जागा आहे.

दावा म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. वैमानिक झुंजीतून परततो, अंगावरचा घामही वाळलेला नसतो, आणि गुप्तवार्ता अधिकारी त्याच्यासमोर कागद ठेवतो. झुंज कोठे झाली, किती वाजता, किती उंचीवर, किती अंतरावरून गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर शत्रूच्या विमानाचे काय होताना दिसले, एवढे त्याने सांगायचे असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दल अशा जबान्यांची तीन प्रकारांत वर्गवारी करीत असे: नष्ट, बहुधा नष्ट आणि क्षतिग्रस्त. पहिल्या महायुद्धात मोजणी याहून सैल होती. शत्रूचे विमान ‘नियंत्रण सुटून खाली गेले’ एवढे दिसले तरी विजय धरला जाई. जुलै १९१८ मध्ये इंद्रलाल रॉय या १९ वर्षांच्या भारतीय वैमानिकाच्या नावावर फ्रान्सच्या आघाडीवर दोन आठवड्यांच्या आत १० विजय नोंदले गेले आणि २२ जुलैला तो स्वतः मारला गेला. त्या दहांत नष्ट झालेली विमाने आहेत, नियंत्रण सुटलेली आहेत आणि सहकाऱ्याबरोबर वाटून घेतलेलीही आहेत. मुलांना हा आकडा शिकवताना मी ती फोडही शिकवीत असे, कारण जीव धोक्यात घालून तो पोरगा जे पाहून आला ते जसे पाहिले तसेच सांगितले जावे, असे मला मनापासून वाटते.

दावा आणि हानी यांच्यात किती अंतर पडू शकते, हे १५ सप्टेंबर १९४० या एका दिवसावरून कळते. जर्मन हवाई हल्ल्यांविरुद्ध झालेल्या ब्रिटनच्या लढाईतील तो सर्वांत गाजलेला दिवस. त्या दिवशी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे ब्रिटनने जाहीर केले. युद्ध संपल्यावर जर्मन हवाई दलाची हानीपत्रके हाती आली, तेव्हा खरा आकडा साठाच्या आसपास निघाला. वर्गात हे सांगितले की एखादा विद्यार्थी हमखास विचारायचा, ‘गुरुजी, मग खोटे कोण बोलले?’ माझे उत्तर तेव्हाही हेच होते की त्या वैमानिकांपैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिले तेच सांगितले होते. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनजवळ त्याच दिवशी कोसळलेल्या डॉर्नियर बॉम्बफेकी विमानावर त्याआधी अनेक ब्रिटिश वैमानिकांनी गोळ्या झाडल्या होत्या. प्रत्येकाने गोळी लागताना पाहिली, प्रत्येकाने धूर पाहिला, आणि विमान मात्र एकच होते. आकाशात जितकी जास्त विमाने एकत्र लढत, तितके दावे फुगत, हे त्या लढाईत अनेक तुकड्या एकत्र उडवणाऱ्या मोठ्या फळ्यांच्या नोंदी पाहिल्या की स्पष्ट होते.

याला आणखी एक कारण आहे आणि ते इंजिनात दडलेले आहे. मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाच्या इंजिनात इंधन दाबाने थेट आत सोडले जाई, त्यामुळे पाठलाग सुरू होताच त्याचा वैमानिक नाक एकदम खाली दाबून सूर मारू शके. स्पिटफायर आणि हरिकेन या ब्रिटिश विमानांच्या मर्लिन इंजिनाला तेव्हा कार्ब्युरेटर होता आणि तसा झटका दिला की इंजिन क्षणभर अडखळे. पूर्ण ताकद लावलेल्या जर्मन इंजिनातून काळा धूर निघे. मागच्या ब्रिटिश वैमानिकाला काय दिसले? आपण गोळ्या झाडल्या, समोरचे विमान धूर सोडत उभे खाली गेले आणि ढगात नाहीसे झाले. ते जमिनीवर आदळेपर्यंत पाहत राहावे, तर तेवढ्या वेळात आपल्याच मागे कोणी तरी येऊन बसते. म्हणून तो मान फिरवतो, आणि जे पाहणे राहून गेले ते मन भरून काढते.

[दृश्य: ताडोब्याच्या सीमेवरील गाव. पारावर बसलेली माणसे.]

आमच्या भागात हे कोणाला फार समजावून सांगावे लागत नाही. एका दिवसात चौघांना चार पांदणींवर वाघ दिसतो आणि संध्याकाळी पारावर त्याचे चार वाघ झालेले असतात. पुढे वनविभागाने झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यातील छायाचित्रांवरून अंगावरचे पट्टे जुळवले जातात, तेव्हा तो एकच वाघ असल्याचे कळते. लढाऊ विमानातील गन कॅमेऱ्याचे कामही बरेचसे असेच असे. तोफेचा घोडा दाबला की फिल्म फिरू लागे. मात्र तोफ थांबली की थोड्याच वेळात फिल्मही थांबे. गोळा लागल्याचे ती दाखवी, विमान पडल्याचे क्वचितच.

म्हणून अभ्यासकाला उजव्या बाजूकडे, म्हणजे हानीच्या नोंदींकडे वळावे लागते. हवाई दल शत्रूच्या नुकसानीविषयी चुकू शकते, पण आपले कोणते विमान संध्याकाळी परतले नाही हे त्याला ठाऊक असावेच लागते, कारण नवे विमान मागवायचे असते, शिधा वजा करायचा असतो आणि कोणाच्या तरी घरी तार पाठवायची असते. जर्मन हवाई दलाच्या पत्रकांत नुकसान टक्क्यांत लिहिलेले असे. ६० टक्के आणि त्यापुढचे विमान मोडीत निघाले असे समजले जाई. प्रत्येक विमानाला त्याचा स्वतंत्र क्रमांक असतो, जसा आपल्या सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, आणि फेरफार पाहत मागे जावे तसे त्या क्रमांकाच्या मागे जाता येते. पाडले गेल्याचा दावा असलेला क्रमांक दोन वर्षांनंतरच्या छायाचित्रात धावपट्टीवर उभा दिसला, तर डावी बाजू खोडावी लागते. या नोंदीही निर्मळ नसतात. गोळ्या लागून इंधन गळाले आणि विमान वाटेत पडले, तर कारणाच्या रकान्यात कधी कधी नुसते ‘इंधन संपले’ एवढेच येते. विमान कसेबसे घरी पोचते, दुरुस्तीपलीकडचे ठरते आणि झुंजीतील हानीत त्याची गणनाच होत नाही.

वेळेची अडचण वेगळी. १९६५ मध्ये पश्चिम पाकिस्तानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे होते, तर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानचे अर्धा तास पुढे. सुरुवातीच्या काळात मला याचे भान नव्हते आणि एकाच झुंजीची मी दोन पाने लिहिली होती, एक भारतीय वेळेनुसार आणि एक पाकिस्तानी वेळेनुसार. त्यामुळे एक झुंज दोन झाल्या आणि एकच विमान दोनदा पडले. ती चूक सापडल्यावर मी अख्खी वही पुन्हा लिहून काढली, आणि तेव्हापासून प्रत्येक पानावर दोन्ही घड्याळांची वेळ लिहितो.

[दृश्य: नकाशा. कोलकात्याच्या ईशान्येला सीमेजवळ बोयरा.]

दोन्ही बाजू जुळल्या की पान किती स्पष्ट होते, याचे उदाहरण बोयरा. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी आपल्या २२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची चार नॅट विमाने पाकिस्तानच्या सेबर विमानांवर तुटून पडली. मॅसी, गणपती, लाझारस आणि सोआरेस हे ते चार वैमानिक. तीन सेबर पाडल्याची नोंद झाली. दोन पाकिस्तानी वैमानिक पॅराशूटने आपल्या हद्दीत उतरले आणि कैद झाले, त्यामुळे त्या दोन विमानांबद्दल वाद उरला नाही. त्यांतील एक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. तिसरे सेबर मात्र जखमी अवस्थेत ढाक्याला पोचल्याचे पाकिस्तानी बाजूने समजते. माझ्या वहीत त्या रकान्यात आता ‘पाडले’ हा शब्द खोडून ‘क्षतिग्रस्त, परतले’ असे लिहिलेले आहे. ते लिहिताना माझा हात थबकला होता, हे मी लपवणार नाही, परंतु त्या चार वैमानिकांनी त्या दुपारी जे केले त्यातले काहीही या एका शब्दाने कमी होत नाही.

३ सप्टेंबर १९६५ चे पान याहून अवघड आहे. त्या दिवशी स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधून एक सेबर पाडल्याचे जाहीर झाले आणि त्यांना वीर चक्र मिळाले; पाकिस्तानी कथनानुसार ते सेबर मोडक्या अवस्थेत सरगोध्याच्या हवाई तळावर उतरले. त्याच झुंजीतील स्क्वाड्रन लीडर सिकंद यांचे नॅट पाकिस्तानातील पसरूरच्या धावपट्टीवर उतरले आणि ते आजही कराचीच्या संग्रहालयात उभे आहे. ते विमान गेले याबद्दल दुमत नाही. पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाने त्याला उतरायला भाग पाडले, असे तिकडची बाजू सांगते. वैमानिकाने चुकून परकी धावपट्टी गाठली, असे आपली बाजू सांगते. हानी एकच आणि तिची दोन कारणे.

७ सप्टेंबरला आपल्या हवाई दलाने सरगोध्यावर केलेल्या हल्ल्याबद्दल सर्वांत जास्त बोलले जाते ते पाकिस्तानी वैमानिक एम. एम. आलम यांच्या दाव्यामुळे, की त्यांनी एका मिनिटाच्या आत पाच हंटर विमाने पाडली. त्या झुंजीतील भारतीय हानी आपल्या नोंदींनुसार पाचापेक्षा कमी आहे आणि हा वाद अजून मिटलेला नाही. मला त्याच दिवसाचे दुसरे पान अधिक महत्त्वाचे वाटते.

त्या सकाळी १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची मिस्टेअर विमाने सरगोध्यावर गेली. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या हे कोडगूचे, मूळचे उड्डाण प्रशिक्षक. या मोहिमेसाठी त्यांना राखीव ठेवले होते आणि ऐनवेळी ते तुकडीत सामील झाले. हल्ला करून विमाने परतली, देवय्या परतले नाहीत. सोबतच्यांपैकी कोणी झुंज पाहिली नव्हती. हवाई दलाच्या दप्तरात ‘बेपत्ता’ एवढीच नोंद झाली आणि घरच्यांच्या हाती वर्षानुवर्षे तोच एक शब्द राहिला.

१९७९ मध्ये, पाकिस्तानच्या बाजूने त्या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या एका ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकातून पाकिस्तानच्या हानीच्या बाजूची एक ओळ बाहेर आली. फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांचे स्टारफायटर त्या दिवशी एका मिस्टेअरशी झालेल्या झुंजीत कोसळले होते आणि हुसेन पॅराशूटने वाचले होते. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे, मिस्टेअर सरळ उड्डाणात ध्वनीच्या वेगालाही न पोचणारे. आधी देवय्यांच्या विमानाला गोळ्या लागल्या, ते संपले असे समजून शत्रू पुढे वळला, आणि त्या जखमी विमानातूनच त्यांनी स्टारफायटरला गाठले. त्या दिवशी परत न आलेले मिस्टेअर कोणते, हे भारतीय बाजूने ताडून पाहिल्यावर देवय्यांचेच नाव उरले. १९८८ मध्ये, म्हणजे २३ वर्षांनंतर, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले आणि ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले.

[दृश्य: पुन्हा मचाण. उजाडले आहे. वावरातून चालत येणारा माणूस.]

पडलेल्या विमानापाशी सर्वांत आधी पोचतो तो ज्याच्या वावरात ते पडले तो कास्तकार, मग ते वावर इंग्लंडातील केंटचे असो, बंगालचे असो वा पंजाबचे. देवय्यांचा देह सरगोध्याच्या परिसरातील गावकऱ्यांनाच सापडला आणि त्यांनीच तो तेथे पुरला.

माझ्या वहीत त्यांच्या पानाची उजवी बाजू भरलेली आहे: स्टारफायटर, अमजद हुसेन यांचे नाव, दोन्ही घड्याळांची वेळ. डावीकडे वैमानिकाचा दावा लिहायचा असतो. तो सांगायला देवय्या परतले नाहीत, म्हणून ती बाजू मी कोरीच ठेवली आहे.