गोळीचा गुण कधी येतो?

नमस्कार, श्रोतेहो.

"दहा दिस झाले, गुण काय येवक नाय. उलट पोटात मळमळता." नैराश्यावरची गोळी सुरू केलेली माणसं पहिल्या फेरीला असंच सांगतात, आणि ते खरंच असतं. या गोळ्यांचा त्रास आधी जाणवतो, गुण मागाहून येतो. पुष्कळजण मधल्या तीन आठवड्यांतच गोळी सोडून मोकळे होतात.

आपण पंचांगावर मोजून बघू. समजा, एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन आषाढी एकादशीला सुरू झाली. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, पातळ जुलाब, कुणाची झोप उडते, कुणाला दिवसभर गुंगी. जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ जरा कमी होते. बहुतेकांचा हा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. म्हणूनच डॉक्टर बरेचदा कमी डोसापासून सुरुवात करतात.

काहींना याच दिवसांत फार अस्वस्थ वाटतं, जीव नकोसा झाल्याचे विचार वाढतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत हा धोका अधिक असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये लहान मुलं आणि किशोरांसाठी, आणि 2007 पासून पंचविशीच्या आतल्या तरुणांसाठीही, तसा ठळक इशारा द्यायला लावला आहे. तेव्हा गोळ्यांची पाकिटं घरच्या कुणीतरी स्वतःकडे ठेवावीत. असे विचार बोलून दाखवले तर पुढच्या तारखेची वाट बघू नये, लगेच डॉक्टर गाठावा. रात्र झाली, एसटी गेली, तर 14416 हा सरकारी टेलिमानस क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. जीवाला धोका वाटला तर मात्र माणसाला एकटं सोडू नका, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या.

आता एवढा वेळ का लागतो? गोळी पोटात गेली की मेंदूत सिरोटोनिन नावाचं रसायन काही तासांतच वाढू लागतं. पण नुसत्या त्या वाढीने मन उभारी धरत नाही. पेशी त्या वाढीशी जुळवून घेत हळूहळू आपली कामाची रीत बदलतात आणि त्यातच आठवडे जातात, असं मानलं जातं.

एकादशीपासून गटारीपर्यंत जवळजवळ तीन आठवडे होतात. तोवर बरेचदा झोप आणि भूक थोडी सुधारलेली असते, मन मात्र अजून जड. गंमत म्हणजे हा बदल रुग्णाच्या आधी घरच्यांना दिसतो. ताटात भात उरत नाही, न सांगता आंघोळ होते, सकाळी पाय परड्याकडे वळतात. त्याला विचाराल तर तो म्हणेल, "तसाच आसा." म्हणून डॉक्टरकडे जाताना घरचं कुणीतरी बरोबर असावं. आणि हो, गटारीच्या दिवशी कोंबडीवडे खुशाल खा, दारू नको. दारूने नैराश्य वाढतं, गुंगीही वाढते.

नारळी पौर्णिमा, म्हणजे साधारण पाच आठवडे. एव्हाना मनाला थोडा तरी हलकेपणा यायला हवा. योग्य डोस नेमाने घेऊनही काहीच फरक नसेल तर डॉक्टर डोस वाढवतात किंवा गोळी बदलतात. पहिलीच गोळी लागू पडेल असं नसतं. पण म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी आणून खाऊ नका.

अधिक मास नसेल तर गणेश चतुर्थीपर्यंत साडेसात आठवडे होतात. या गोळीचा खरा हिशेब सहा ते आठ आठवड्यांनी मांडायचा. नेमके तेव्हाच चाकरमानी घरी येतात आणि कुणी काका सांगतो, "कशाला त्या गोळ्या? सवय लागेल." काकांना आरतीला बसवा. दारूसारखी ओढ या गोळ्यांनी लागत नाही. मात्र एकदम बंद केल्या तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. म्हणून डोस उतरवायचा तो डॉक्टरच्या सांगण्याने, हळूहळू.

गणपतीत बरं वाटू लागलं तरी पहिल्यांदाच नैराश्य आलेल्या माणसाने पुढचे निदान सहा महिने, म्हणजे शिमग्यापर्यंत, गोळी चालू ठेवायची. ज्याला हे पुन्हा पुन्हा होतं त्याला बरेचदा दोन वर्षं किंवा त्याहून जास्त.